आसनाजवळची वीज: चैन की गरज?

विमानातील आसनाजवळ विजेचा प्लग असावा की नाही, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक, किंबहुना श्रीमंती चोचल्यांपैकी एक वाटतो. परंतु आज तिकीट, पैसे, उतरण्याच्या ठिकाणचा पत्ता, आप्तांचे क्रमांक असे सारे काही मोबाइलमध्ये असते. चौदा तासांच्या प्रवासानंतर तो बंद पडला, तर परक्या देशात प्रथमच उतरणारा विद्यार्थी किंवा मुलाकडे निघालेले वृद्ध मातापिता अक्षरशः निराधार होतात.

मग विमान कंपन्या ही सोय सर्रास का देत नाहीत? विमानातील वीज इंजिनांवर चालणाऱ्या जनित्रांतून येते. ती बहुधा ११५ व्होल्ट व ४०० आवर्तनांची असते. आपल्या उपकरणांसाठी ती बदलून घ्यावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या पेट्या व तारा यांचे वजन वाढते आणि वजनामागे इंधन जळते. खर्चाचे हे गणित खोटे नाही.

त्याहून गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि २२९ जण प्राणास मुकले. तारेतील ठिणगीने छतावरील ज्वलनशील आवरण पेटले असावे, असा निष्कर्ष २००३ च्या चौकशी अहवालात निघाला. ज्या तारांवर ठिणगीच्या खुणा आढळल्या, त्यांत प्रवाशांच्या करमणूक यंत्रणेची तारही होती. प्रवासी कक्षाची वीज तोडणारी कळ वैमानिकाने दाबली तरी ही यंत्रणा बंद होत नसे, अशी तिची जोडणी होती. सोय नंतर जोडली गेली; तिला आवर घालण्याचा विचार मात्र अपुरा राहिला.

तथापि, प्लग नाकारल्याने धोका टळतो असेही नाही. प्रवासी स्वतःची वीज पॉवर बँकेत घेऊन येतो. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर उभे असलेले एअर बुसानचे विमान आगीत सापडले. सुदैवाने सारे बचावले. संशय पॉवर बँकेवर व्यक्त झाला. त्यानंतर त्या देशाने अशा वस्तू डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. एमिरेट्सने तर ऑक्टोबर २०२५ पासून विमानात त्यांचा वापरच बंद केला. मात्र या कंपनीच्या विमानांत आसनाजवळ विजेची सोय आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

ही बंदी योग्यच आहे. परंतु एका हाताने मनाई करायची आणि दुसऱ्या हाताने पर्याय द्यायचा नाही, हा न्याय नव्हे. लांब पल्ल्याच्या विमानांत स्वस्त वर्गातील प्रवाशालाही वीज मिळालीच पाहिजे. मात्र ती संपूर्ण यंत्रणा एका कळीने बंद करण्याचा अधिकार वैमानिकाच्या हाती हवा आणि सूचना मिळताच आपले उपकरण काढून घेण्याची शिस्त प्रवाशाच्या अंगी हवी. २२९ जिवांचे मोल देऊन शिकलेला धडा सोयीच्या नादात विसरणे कोणालाच परवडणार नाही.