१०२४ बाय ७२०

‘डार्क सोल्स’ हा जपानी गेम ऑगस्ट २०१२ मध्ये पीसीवर आला, तो चाहत्यांनी जवळपास ओढूनच आणला होता. फ्रॉम सॉफ्टवेअरने तो २०११ साली प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी काढला होता. पीसीसाठी नव्वद हजारांच्या वर लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. हाती पडला तो मात्र चित्राच्या बाबतीत कन्सोलवरचा माल, जसाच्या तसा. तुमचा मॉनिटर कितीही मोठा असो, गेम आतल्या आत १०२४ बाय ७२० चंच चित्र रंगवायचा आणि ते स्क्रीनभर ताणायचा. मोबाइलवरचा बारका फोटो चौकातल्या फ्लेक्सवर चढवला की चेहरा फाटतो ना, अगदी तसं. सेटिंगमध्ये रिझोल्यूशन वाढवा की कमी करा, फरक शून्य.

गेमर मंडळींत ‘दुरान्ते’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीटर थोमान या ऑस्ट्रियन संगणकशास्त्रज्ञाने गेम आला त्याच दिवशी उतारा दिला. त्याचं नाव डीएसफिक्स. गंमत म्हणजे गेमच्या मूळ फाइलला त्याने हातही लावला नाही.

गेम ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलत नाही. ‘एवढ्या लांबी-रुंदीचा कोरा कागद दे’, ‘त्यावर हे त्रिकोण काढ’ असे निरोप तो डायरेक्ट३डी ९ या विंडोजमधल्या मध्यस्थाकडे धाडतो, सेकंदाला हजारोंनी. शिवाय गेमला लागणाऱ्या तयार कोडच्या बऱ्याच फाइली (डीएलएल) विंडोज आधी गेमच्याच फोल्डरमध्ये शोधतं, नंतर स्वतःच्या. मग त्याच नावाची आपली फाइल तिथे ठेवून द्यायची! डीएसफिक्सने नाव घेतलं डीआयनपुट८.डीएलएल. हे खरं तर कीबोर्ड-जॉयस्टिकवाल्या फाइलीचं नाव. त्या नावाने आत शिरायचं, खऱ्या फाइलीचं काम बिनबोभाट पुढे सरकवायचं आणि कान ग्राफिक्सच्या निरोपांकडे लावायचे. ‘१०२४ बाय ७२० चा कागद दे’ असं ऐकू आलं की पुढे सांगायचं, ‘१९२० बाय १०८० चा दे.’

एवढ्याने भागत नाही. चित्र कुठल्या चौकटीत काढायचं, तो व्ह्यूपोर्टचा निरोपही बदलावा लागतो. नाहीतर मोठ्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात चिमुकलं चित्र उमटतं. लांबचं धूसर दिसावं म्हणून गेम मुद्दाम लहान कागद मागतो. तो सरसकट वाढवला तर धूसरपणाच उणावतो. कुठला कागद कशासाठी, हे सांगणारा सोर्स कोड हाताशी नसतो. एकेका फ्रेमचे निरोप ओळीने मांडून ताडायचं. माझ्या मते खरी करामत आहे ती इथे, आकडा बदलण्यात नाही.

या युक्तीची हद्दही लवकरच दिसली. गेम सेकंदाला ३० फ्रेमवर बांधलेला होता. दुसऱ्या एका हौशी माणसाने ती गाठ सोडवून ६० फ्रेम केल्या, आणि शिडीवरून घसरत उतरणारा योद्धा कधीकधी जमिनीतून आरपार खाली जाऊ लागला! उडीही तोकडी पडू लागली. हालचालींचा हिशेबच फ्रेमवर बेतलेला. निरोप बदलून चित्र सुधारतं, हिशेब नाही.

थोमानने डीएसफिक्सचा कोड सगळ्यांना खुला ठेवला. पुढे प्रकाशकांनीच त्याला कामं दिली. ‘ट्रेल्स ऑफ कोल्ड स्टील’ या गेमच्या २०१७ मधल्या अधिकृत पीसी आवृत्तीत त्याचा हात आहे. ‘डार्क सोल्स’ची ६० फ्रेमवाली अधिकृत सुधारित आवृत्ती मे २०१८ मध्ये आली. जुना गेम आधीच विकत घेतलेल्या पीसीवाल्यांना ती निम्म्या किमतीत मिळाली. फुकट नव्हे.