घाऱ्या डोळ्यांची खोटी साक्ष

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात वाकून आधी नाक कुणाचं ते ठरवतात, मग जिवणी, मग डोळे. नाकावरून कितीही मतभेद झाले तरी ते हसण्यावारी जातात. डोळ्यांचं तसं नाही. आई-बाप दोघांचे डोळे काळेभोर आणि बाळाचे घारे निघाले, की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आमच्या घराण्यात नाहीत हो कुणाचे असे.’ या वाक्याचा रोख कुणाकडे आहे, हे खोलीतल्या प्रत्येकीला कळतं. बाळंतिणीला सगळ्यात आधी.

असं बोलणाऱ्याला शाळेत शिकलेलं थोडं विज्ञानही आठवत असतं: तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी, आणि मेंडेलच्या वाटाण्यांसारखी चार घरांची चौकट. गंमत अशी की ही चौकट नीट मांडली तर ती बाळंतिणीच्याच बाजूने बोलते. अप्रभावी गुण आई आणि बाप दोघांच्याही अंगात दडून असू शकतो. दोघांकडे त्याची एकेक प्रत असेल तर त्यांचे स्वतःचे डोळे गडदच दिसतात. पण दर मुलामागे चारात एक शक्यता उरते की दोन्हीकडून फिकी प्रतच येईल. अशी प्रत चार-पाच पिढ्या कुणाच्याही डोळ्यांत न दिसता पुढे सरकू शकते. म्हणजे ‘आमच्यात कुणाचे नाहीत’ हे वाक्य खरं असलं तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

‘निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूल होऊच शकत नाही’

हा गैरसमज युरोप-अमेरिकेतला. तिथे त्याने आपल्याकडच्या कुजबुजीपेक्षा जास्त घरं मोडली असतील, कारण त्याला शास्त्राचा शिक्का होता. गर्ट्रूड आणि चार्ल्स डॅव्हनपोर्ट या अमेरिकन दांपत्याने 1907 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात माणसाच्या डोळ्यांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स हर्स्टने शाळकरी मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे डोळे तपासून तसाच निष्कर्ष काढला. मेंडेलचे नियम नुकतेच, 1900 साली, पुन्हा उजेडात आले होते. वाटाण्याला लागू पडणारं माणसालाही तितक्याच सोपेपणाने लागू पडतं, हे दाखवायला डोळ्यांइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नव्हतं. 1909 मध्येच होम्स आणि लूमिस यांनी आक्षेप घेतला होता की डोळ्यांचे रंग दोन कप्प्यांत बसत नाहीत, एकातून दुसऱ्यात हळूहळू सरकत जातात. पण पाठ्यपुस्तकाला चौकट हवी असते आणि आक्षेप चौकटीत मावत नाही. हाच चार्ल्स डॅव्हनपोर्ट पुढे अमेरिकेतल्या वंशशुद्धीच्या चळवळीचा म्होरक्या झाला, हेही सांगायला हवं. माणसाचे गुणदोष एकेका जनुकाच्या हिशोबात बसवायची त्याची सवय डोळ्यांपाशी थांबली नाही.

चौकट कुठे चुकते ते कळायला रंग मुळात कसा येतो ते पाहू. बुबुळाच्या मागच्या बाजूला गडद रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. वर्णहीनता असलेली माणसं सोडली तर तो जवळजवळ सगळ्यांमध्ये सारखाच. फरक पडतो पुढच्या थरात. तिथल्या पेशी मेलॅनिन तयार करतात. ते भरपूर असलं की डोळे गडद तपकिरी होतात. आपण त्यांना काळे म्हणतो. पण उन्हात आरशाजवळ उभं राहून पाहिलं तर त्यातला तपकिरी रंग दिसतो. मेलॅनिन अगदी थोडं असलं तर त्या थरातल्या तंतूंवर आदळून प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा भाग जास्त प्रमाणात परत येतो. निळ्या डोळ्यांत निळं रंगद्रव्य नसतंच. कितीही शोधलं तरी औषधालाही सापडणार नाही. हिरव्या डोळ्यांतही हिरवं काही नसतं. थोडं पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य आणि विखुरलेला निळा प्रकाश यांची ती बेरीज. आपल्याकडचे घारे डोळे या मधल्या पट्ट्यातच कुठेतरी बसतात.

मेलॅनिन किती व्हायचं यात 15व्या गुणसूत्रावरच्या ‘ओसीए2’ या जनुकाचा वाटा मोठा आहे. पण युरोपातल्या निळ्या डोळ्यांमागे बहुतेक वेळा या जनुकात बिघाड नसतो. शेजारच्या ‘एचईआरसी2’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो आणि तो ओसीए2चं काम मंद करतो. पंखा धडधाकट, फक्त रेग्युलेटर एकवर ठेवलेला. 2008 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी जवळपास एकाच वेळी हे दाखवून दिलं.

डॅव्हनपोर्टना या एकाच जागेचा परिणाम दिसला, आणि ती खरोखर मोठी असल्यामुळे त्यांचा नियम बऱ्याचदा बरोबरही निघतो. खोच अशी की फिके डोळे होण्याची ती एकमेव वाट नाही. आईचे डोळे फिके आहेत ते एचईआरसी2मधल्या बदलामुळे, आणि बापाचे आहेत ते रंगद्रव्य बनवण्याच्या कामातल्या दुसऱ्याच जनुकामुळे, असं झालं तर? मुलाला बापाकडून पहिल्या जागेची चालू प्रत मिळते, आईकडून दुसऱ्या जागेची. दोन्ही कामं सुरळीत, डोळे तपकिरी. यात शेजाऱ्याचा काही संबंध नाही.

अशा जागा किती? 2021 साली सुमारे 1 लाख 95 हजार लोकांच्या अभ्यासातून 61 जागा पुढे आल्या. त्यातल्या 50 आधी ठाऊक नव्हत्या. हे लोक युरोपीय वंशाचे होते, पण निष्कर्ष नंतर आशियाई लोकांवर ताडून पाहिले गेले आणि त्यात भारतीयही होते. तपकिरी रंगाच्या गडद-फिक्या छटांमागेही बऱ्याच अंशी हीच जनुकं असल्याचं दिसलं. म्हणजे ज्यांना आपण सरसकट ‘काळे डोळे’ म्हणून सोडून देतो त्यांच्यातही आनुवंशिक फरक भरपूर आहेत, फक्त आपल्या नजरेला ते जाणवत नाहीत.

उलट दिशेने, म्हणजे डीएनएवरून डोळ्यांचा रंग ओळखण्याचा प्रयत्न गुन्हे-तपासासाठी झाला आहे. 2011 मधली ‘आयरिसप्लेक्स’ ही पद्धत डीएनएतल्या सहा जागा तपासते. स्पष्ट निळे आणि स्पष्ट तपकिरी डोळे ती चांगले ओळखते. मधल्या छटांशी गाठ पडली की अडखळते. हातात डीएनए असताना शास्त्रज्ञांची घाऱ्या डोळ्यांपाशी ही गत, तर नुसते डोळे पाहून पितृत्व ठरवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? पितृत्वाची चाचणी डीएनएतल्या वेगळ्याच भागांवर होते. तिथे डोळ्यांच्या रंगाला कुणी विचारतही नाही.

‘घारे डोळे म्हणजे परदेशी रक्त’

हा खास आपल्या मातीतला. कोकणस्थांच्या गोऱ्या-घाऱ्या रूपावरून किती तर्क लढवले गेले! समुद्रातून वाहून आलेल्या चौदा देहांना परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केलं ही आख्यायिका हाताशी होतीच; तिच्यावर कुणी इराण रचला, कुणी ग्रीस, कुणी आणखी उत्तरेकडचं काही. आख्यायिका म्हणून ती रंगतदार आहे. पण डोळ्यांचा रंग हा पुरावा म्हणून वापरायला फार कच्चा. अख्ख्या जनुकसंचातल्या मूठभर जागांवर तो ठरतो. माणसाचे पूर्वज शोधायचे तर लाखो जागांची तुलना करावी लागते, आणि ती केली की भारतातला जवळजवळ प्रत्येक समाज अनेक जुन्या प्रवाहांच्या मिश्रणातून आलेला दिसतो, डोळे कसेही असोत. शिवाय घारे डोळे कोकणस्थांची मक्तेदारीही नाही. देशावर, खानदेशात, गोव्यात, वेगवेगळ्या जातीधर्मांत ते अधूनमधून दिसतात. तिथे मात्र कुणी जहाज बुडवत नाही.

एचईआरसी2मधला तो बदल युरोपात सर्वाधिक असला तरी पश्चिम आणि दक्षिण आशियातही कमी प्रमाणात आढळतो. तो फार जुना आहे. 2008 मध्ये कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी त्याचं वय 6 ते 10 हजार वर्षं धरलं, आणि ‘निळ्या डोळ्यांच्या साऱ्यांचा पूर्वज एक’ अशा बातम्या जगभर झळकल्या. नंतर प्राचीन हाडांतला डीएनए वाचता येऊ लागला आणि हा अंदाज तोकडा ठरला. इटलीत व्हिलाब्रुना इथे सापडलेल्या सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडेही फिक्या डोळ्यांची ही प्रत होती. आणि स्पेनमधल्या ला ब्रान्याच्या सुमारे 7 हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याने तर सगळ्यांचीच पंचाईत केली: डोळे निळे, त्वचा सावळी. गोरेपणा आणि फिके डोळे जोडीनेच येतात हा समज तिथे सुटा झाला. ती जोडी आपण नंतरच्या युरोपीय माणसाकडे पाहून बांधली होती.

तोच गुण दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही उगवू शकतो. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर काळ्या त्वचेच्या अनेक मुलांचे केस सोनेरी असतात. वर्षानुवर्षं त्याचं श्रेय युरोपीय खलाशांना दिलं जाई. 2012 मध्ये त्यामागचा जनुकीय बदल सापडला, आणि तो युरोपीय लोकांमध्ये नसलेला, त्या भागातलाच निघाला.

‘बाळाचे डोळे बदलतील’ आणि ‘मधाने डोळे घारे होतात’

पहिल्यात तथ्य आहे. जन्मतः मेलॅनिन कमी असू शकतं. पहिल्या वर्षात ते वाढतं आणि डोळे गडद होतात. युरोपीय वंशाच्या बाळांमध्ये हे ठळक दिसतं. आपल्याकडची बहुतेक बाळं गडद डोळे घेऊनच जन्मतात, काहींचे सुरुवातीला राखाडी झाक असलेले असतात.

दुसरा निव्वळ घातक. मध, लिंबू किंवा कसल्याही रसाने बुबुळातलं मेलॅनिन कमी होत नाही. जंतुसंसर्ग आणि जळजळ मात्र होते. थेंबांनी रंग बदलल्याची खरी उदाहरणं उलट्या दिशेची आहेत. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या लॅटॅनोप्रोस्टसारख्या औषधाने हिरवट-तपकिरी डोळे हळूहळू गडद होऊ शकतात, आणि औषध थांबवलं तरी तो रंग सहसा मागे फिरत नाही. एकाच डोळ्यात औषध घालणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं.

मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग आपोआप बदलू लागला तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, ‘निसर्गाची करणी’ म्हणून बसायचं नाही. जन्मापासून दोन डोळे दोन रंगांचे असणं बऱ्याचदा निरुपद्रवी असतं. पण बाळाचा एक डोळा किंवा दोन्ही डोळे अगदी चमकदार निळे आणि जोडीला कपाळावर पांढरी बट असेल, तर वार्डेनबर्ग सिंड्रोमची शक्यता असते. त्यात जन्मजात बहिरेपण असू शकतं, म्हणून अशा बाळाची श्रवणचाचणी लगेच करून घ्यायला हवी. नजर लागेल म्हणून तीट लावण्यापेक्षा ही चाचणी जास्त निकडीची. गायक डेव्हिड बोवीचं नाव दोन रंगांच्या डोळ्यांसाठी हटकून घेतलं जातं ते मात्र चुकीचं. 1962 मध्ये शाळेतल्या मारामारीत डोळ्याला इजा होऊन त्याची एक बाहुली कायमची विस्फारली होती. बुबुळं दोन्ही सारखीच निळी.

‘डोळ्यांवरून माणूस ओळखता येतो’

हे खरं आहे, पण रंगावरून नव्हे. आधारसाठी दहा बोटांच्या ठशांसोबत दोन्ही बुबुळांचं चित्रही घेतलं जातं. ते यंत्र अवरक्त प्रकाश वापरतं. साध्या प्रकाशात गडद डोळ्यांतलं मेलॅनिन तंतूंची नक्षी झाकून टाकतं. अवरक्त किरणांना ते फारसं अडवत नाही, त्यामुळे गडद बुबुळातले धागे, खळगे आणि कडी स्वच्छ दिसतात. रंग यंत्राच्या खिजगणतीत नसतो. नक्षीचे बारकावे गर्भात बुबुळ घडत असताना योगायोगाने ठरतात, जनुकांचा त्यांच्यावर फारसा ताबा नाही. त्यामुळे एकसारख्या जुळ्यांचा डोळ्यांचा रंग सारखा असला तरी बुबुळाची नक्षी वेगळी असते, इतकंच काय एकाच माणसाचा डावा डोळाही उजव्याशी जुळत नाही.