शिकारीचे सामान आणि कंपनीची भूमिका

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीला बंदी असल्याने, नागपूरच्या वाडीतून पेंच, बोर किंवा ताडोबाला निघालेल्या माणसाच्या हाती दुर्बीण नाहीतर कॅमेराच असतो. शिकारीचे सामान घेताना कंपनीची भूमिका पारखणारा ग्राहक अमेरिकेत भेटतो. तेथे १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरील ११ टक्के अबकारी कर वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो; म्हणजे शिकाऱ्याची खरेदी जंगलाशी थेट जोडलेली आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये बेअर्स इअर्स या संरक्षित क्षेत्राची हद्द घटवल्याबद्दल पॅटागोनिया या बाह्य-भटकंतीचे कपडे बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकी सरकारविरुद्ध दावा लावला. सार्वजनिक जमिनीवर शिकार करणाऱ्या काहींना ही आपलीच बाजू वाटली. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला आणि वाद बंदुकीवर आला. डिक्स स्पोर्टिंग गुड्स या क्रीडासाहित्याच्या दुकानसाखळीने लष्करी धाटणीच्या रायफली विकणे थांबवले. भटकंतीचे सामान विकणाऱ्या आरईआयने व्हिस्टा आउटडोअर या कंपनीला द्यायच्या नव्या ऑर्डर रोखल्या. व्हिस्टाकडून येणारा माल सायकलचे हेल्मेट, पाण्याच्या पिशव्या असा होता, पण सॅव्हेज आर्म्स ही बंदूक कंपनीही व्हिस्टाचीच होती. लेबलावरच्या नावापेक्षा मालक कोण, हे तपासणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे. व्हिस्टाने २०१९ मध्ये सॅव्हेज विकली.