कॅमेरा बिघडला तर

पुष्कळ घरांतून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमशेजारी, एक छोटा डिजिटल कॅमेरा पडून असतो. २००५ ते २०१२ च्या सुमारास कुणीतरी हौसेने घेतलेला. चार-पाच वर्षे त्याने बारशी, सहली, गॅदरिंग सगळे टिपले. मग फोनलाच कॅमेरा आला आणि हा बिचारा गप्प झाला. २०१० साली जगभरातल्या कारखान्यांतून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते, आणि त्यांतले बहुसंख्य असेच खिशात मावणारे. दहा वर्षांनी तो आकडा दहाव्या हिश्शाच्याही खाली आला.

आता कधीतरी तो कॅमेरा खाली काढला जातो. मुलगी कॉलेजात जाते, तिला जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोंचा रंग आवडतो. किंवा घरातले वडीलधारे माणूस जाते, आणि त्यांचा एक बरा फोटो 'त्या कॅमेऱ्यात' असल्याची कुणाला तरी आठवण होते. बटण दाबावे तर काहीच होत नाही. दुकानात न्यावा तर उत्तर ठरलेले : "याचे पार्ट येत नाही भाऊ, नवा घ्या." दुकानदार खोटे बोलत नाही. पार्ट खरेच येत नाहीत. पण पार्ट लागतोच असे कुठे आहे? यंत्र मेलेले नसते. कुठे वीज पोहोचत नसते, कुठे धूळ अडलेली असते, कुठे ओल शिरलेली असते. एवढे घरी बसून पाहता येते.

मात्र हात घालण्यापूर्वी एक गोष्ट करा. कॅमेऱ्यातले कार्ड बाहेर काढा. जुन्या कॅमेऱ्याला फार तर चार-दोन हजार मिळतील. कार्डात जे आहे त्याची किंमत कुणाला करता येणार नाही.

कार्ड ओढायचे नसते, दाबायचे असते. हलकेच आत दाबले की टक् असा आवाज होऊन ते स्वतःच वर येते. नाव छापलेली बाजू समोर धरा. डाव्या कडेला एक इवलीशी सरकती खिट्टी दिसेल. ती खाली ओढलेली असली की कार्डाला कुलूप लागते : वाचता येते, लिहिता येत नाही. 'कार्ड लॉक्ड' अशी तक्रार कॅमेरा करतो तेव्हा बहुधा हीच खिट्टी धक्क्याने सरकलेली असते. पण आपल्याला आत्ता ती खालीच हवी आहे. कुलूप लावूनच कार्ड संगणकाला जोडा आणि सगळे फोटो उतरवून घ्या, दोन ठिकाणी. मग खिट्टी वर करा आणि पुढच्या कामाला लागा.

आता समजा, कॅमेरा किंवा संगणक कार्ड वाचेना, आणि पडद्यावर प्रश्न आला : फॉरमॅट करू का? याला नाही म्हणा. कितीही वेळा विचारले तरी नाहीच म्हणा. असे पाहा, कार्ड म्हणजे एक जाडजूड वही आहे आणि तिच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका आहे. कोणता फोटो कोणत्या पानावर, ते तिथे लिहिलेले असते. ते पहिले पान भिजले किंवा फाटले, की कॅमेरा म्हणतो वही कोरी आहे. वही कोरी नसते. साधे फॉरमॅट केल्यानेही बहुतेक कॅमेऱ्यांत फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, आतली पाने तशीच राहतात. खरा घात होतो तो पुढे. 'बघू चालतो का' म्हणून आपण चार नवे फोटो काढतो आणि ते जुन्या पानांवर लिहिले जातात. त्या पानावरचे मग ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही.

आर्वीकडचे एक शेतकरी असेच कार्ड घेऊन आले होते. वडिलांचा शेवटचा पोळा त्यात होता. बैलजोडीपुढे उभे असलेले वडील. नातवाने पडद्यावरचा इंग्रजी प्रश्न न वाचता 'यस' दाबले होते. "फोटो गेले काय जी?" एवढेच विचारून ते खुर्चीच्या कडेवर बसले. पोराचे एक मात्र चांगले झाले. घाबरून त्याने कॅमेरा तिथेच बंद केला आणि पुन्हा हात लावला नाही. संगणकावर 'फोटोरेक' नावाचा एक फुकट मिळणारा कार्यक्रम असतो. तो अनुक्रमणिकेकडे न पाहता पान न् पान चाळतो. तासाभरात दोनशेच्या वर फोटो निघाले. नावे गेली, क्रम गेला, पण वडील आणि बैल दोन्ही मिळाले. असा कार्यक्रम चालवताना सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, हे वेगळे सांगायला नकोच.

कार्डाबद्दल आणखी एक. नव्याने विकत आणलेले ३२ किंवा ६४ जीबीचे कार्ड जुना कॅमेरा नाकारतो, तेव्हा दोघांपैकी कुणीही बिघडलेले नसते. जुन्या एसडी पद्धतीची मर्यादा २ जीबीची. त्यापुढची पद्धत २००६ साली आली. त्याआधीच्या कॅमेऱ्याला २ जीबी किंवा त्याहून लहानच कार्ड लागते. आणि तुमच्याकडे ऑलिंपस किंवा फुजीचा त्या काळातला कॅमेरा असेल तर त्यात २००२ साली निघालेले 'एक्सडी' जातीचे कार्ड असण्याचा संभव आहे. ते आता बनत नाही, आणि ते वाचणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. अशा घरांनी तरी उतरवून घेण्याचे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये.

कार्ड सुखरूप झाले. आता कॅमेरा.

चालूच होत नाही, ही पहिली तक्रार. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून त्यात घालू नका. घड्याळ वीज थेंबाथेंबाने पिते, कॅमेरा घटाघटा पितो. साधा सेल दोन फोटोंत मान टाकतो. त्याला पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल घाला. जुने सेल आतच राहून गेले असतील तर पितळी पट्ट्यांवर पांढरा-हिरवट थर दिसेल. अल्कलाइन सेलमधून क्षार झिरपतो, म्हणून त्याला आंबट उतारा : काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसाचा एखादाच थेंब लावा, पुसा, मग कोरड्या कापसाने पुन्हा पुसा. रस आत ओघळू देऊ नका.

चपटी लिथियम बॅटरी असेल तर आधी ती काचेवर आडवी ठेवून बोटाने फिरवून पाहा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलेली आहे. तिला चार्जरला लावू नका, टोचू नका, चुलीत तर मुळीच टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुगलेली नसेल तर चार्जरला लावा आणि समोर बसा. वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली बॅटरी पहिल्यांदा दाद देत नाही, कधी काढून-घालून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घेते. तापू लागली तर मात्र काढून घ्या.

एवढे करूनही काही नाही? मग बॅटरीचे झाकण पाहा. पुष्कळ कॅमेऱ्यांत झाकण लागल्याची खूण आतल्या एका छोट्या कळीला मिळते, तेव्हाच वीज सुरू होते. झाकणाची प्लास्टिकची दाढ तुटली की कळ दाबली जात नाही, आणि धडधाकट कॅमेरा मेल्यासारखा पडून राहतो. अशा कॅमेऱ्याला मी रबर बँड लावून चालवलेला पाहिला आहे. दिसतो ओंगळ, पण चालतो.

दर वेळी तारीख विचारतो, हा बिघाड नव्हे. तारीख सांभाळणारी एक छोटी बॅटरी आत असते, ती मोठ्या बॅटरीवरच पोसली जाते. भरलेली बॅटरी घालून एक-दोन दिवस कॅमेरा तसाच ठेवा.

दुसरी मोठी तक्रार 'लेन्स एरर'ची. भिंगाची नळी अर्धी बाहेर येते, करकरते, तिथेच अडते. पवनारला धाम नदीच्या वाळूत कॅमेरा पडला, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रुईचे तंतू उडत असताना उघडला, किंवा खिशात असताना चुकून बटण दाबले गेले, तर हेच होते. प्रथम पूर्ण भरलेली बॅटरी घालून पाहा. शक्ती कमी असली तरी नळी अडते. नाही जमले तर कॅमेरा बंद करा, भिंग जमिनीकडे करा आणि धूळ उडवण्याच्या रबरी फुग्याने नळीच्या फटीत चारही बाजूंनी हवा मारा. जाड कागदाची कड फटीतून हळूच फिरवा. अशाच उलट्या स्थितीत पुन्हा सुरू करा. एखादा कण खाली पडतो आणि नळी सरळ होते. पडल्यामुळे नळी तिरकी झाली असेल तर बोटांनी अगदी थोडा आधार देऊन ती सरळ करता येते, पण त्यात नशिबाचा भाग मोठा. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असते. आणि शिलाई मशीनचे तेल! 'दोन थेंब सोडले' असे सांगणारा भेटला की पुढचे ऐकायची गरज उरत नाही. ते तेल भिंगावर पसरते आणि धुळीला धरून ठेवते.

आपल्या हवेचेही या यंत्राशी जमत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य भाजून काढणे. कूलरसमोरही ठेवू नका, तिथे हवा गार असते पण ओली असते. पावसाळ्यात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवावा, कातडी म्यानात नव्हे. पाण्यात पडला तर ताबडतोब बॅटरी काढा आणि तीन-चार दिवस पंख्याखाली ठेवा; चालतो का हे पाहण्याची घाई करू नका. तांदळात पुरण्याची रीत सोडून द्या, तांदळाची भुकटी आत जाते.

२००५ साली एक चमत्कारिक प्रकार झाला. सोनी, कॅनन, निकॉन, फुजी अशा कित्येक कंपन्यांनी जाहीर केले, की काही कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा सीसीडी नावाचा भाग उष्ण आणि दमट हवेत निकामी होतो. चित्र जांभळे येते, ताणलेले येते, नाहीतर काळेच येते. त्या वेळी तो फुकट बदलून मिळे. तुमच्या त्या काळच्या कॅमेऱ्याचे चित्र असे दिसत असेल तर घरचा उपाय नाही; पण कार्डातले जुने फोटो त्यामुळे बिघडत नाहीत.

काही तक्रारी कॅमेऱ्याच्या नसतातच. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी फोटो काढावा आणि त्यात पांढरे गोल गोल तरंगताना दिसावे. कुणी म्हणते भूत, कुणी म्हणते भिंग गेले. तो असतो हवेतला गुलाल, धूळ किंवा झिरमिर पाऊस. भिंगाशेजारच्या फ्लॅशचा उजेड त्यावर पडून परत येतो. फ्लॅश बंद केला की भुते पळतात. मग फोटो हलतो, ही पुढची तक्रार. त्यासाठी सेवाग्रामची आठवण पुरे. कनु गांधींना गांधीजींनी फोटो काढायला परवानगी दिली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोज द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांचा रोलीफ्लेक्स आला. कुडाच्या झोपडीत त्यांनी जी चित्रे घेतली ती खिडकीच्या उजेडावर. तुम्हीही माणसाला दारापाशी बसवा, कोपर खांबाला टेका, श्वास रोखा आणि बटण ओढू नका, दाबा.

आता पेचकस. तो बाजूलाच ठेवा. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठवलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. हात झटकला जाईल असा धक्का बसतो. कॅमेरा उघडायचाच असेल तर तो नेहमी उघडणाऱ्याकडे न्या. नेताना बॅटरी द्या, चार्जर द्या, बिघाड केव्हा आणि कशानंतर सुरू झाला ते कागदावर लिहून द्या. कार्ड मात्र घरी, डब्यात.