आपल्या गावची बारव

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, चारठाणा हे गाव आहे. तिथे जुनी दगडी देवळं आहेत. बारव आहे. त्यांतले पुष्कळ काम यादवांच्या काळचे, म्हणजे सातशे वर्षांहून जुने आहे. अशी कामे आपल्या जिल्ह्यात इतरही गावांत आहेत. ती राखायची कोणी?

काही जुन्या वास्तू सरकारच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे. पण प्रत्येक बारव, प्रत्येक वेस त्या यादीत नसते. तिथे गावच राखणदार.

सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव पाहा. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. ती मातीने अन् कचऱ्याने बुजली होती. २०२१ च्या सुमारास गावकरी एक झाले. त्यांनी श्रमदानाने गाळ उपसला. झाकलेल्या पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या.

एकदा साफ केली, म्हणजे झालं का? नाही. गाव वाढते. कोणाला घर हवं, कोणाला रुंद रस्ता. बारवेची नोंद नसेल, तर तिची जागा सहज जाते. जुना चिरा एकदा नव्या घराच्या पायात गेला, की परत मिळत नाही.

म्हणून आधीच ठरवावे लागते. मुंबईत १९९५ साली जुन्या इमारती बांधकामाच्या नियमांतच आणल्या. यादीतली इमारत परवानगीशिवाय पाडता येत नाही. आपण हे काम ग्रामसभेपासून सुरू करू शकतो.

पहिले काम यादीचे. बारव, देऊळ, वेस, गढी, सगळे लिहून काढावे.

दुसरे काम आराखड्याचे. ग्रामपंचायत गावच्या विकासाचा आराखडा करते. त्यात या वास्तू दाखवाव्यात. भोवती मोकळी जागा सोडावी. संडासाचा खड्डा अन् उकिरडा बारवेपासून लांब असावा.

तिसरे काम दुरुस्तीचे. ती जाणकाराला विचारून करावी. भिंतीत उगवलेलं झाड ओढून काढू नये. मुळाबरोबर चिरे निखळतात.

मग नवं घर बांधायचंच नाही का? जरूर बांधावं. फक्त जागा पाहून बांधावं.

आता आपल्याला वाचता येते. पुढच्या ग्रामसभेला जा. आराखडा मागून घ्या. आपली बारव त्यात आहे का, ते स्वतः वाचून पाहा. नसेल, तर तिथेच उठून सांगा.