‘आ करा’नंतरचे बोलणे

तोंडाचा कॅन्सर हा भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी एक. तंबाखू, मावा, गुटखा, सुपारी ही कारणे आपल्याला पाठ आहेत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या कुठे मिळतात हेही पाठ आहे. कमी बोलले जाते ते एका गोष्टीविषयी. हा आजार पहिल्यांदा नजरेस पडतो तो अनेकदा दाताच्या डॉक्टरच्या. मग तो सांगायचा कसा?

मी दंतवैद्य नाही. कवळ्या बनवण्याच्या कामामुळे बरीच वर्षे दंतवैद्यांच्या दवाखान्यांत उठबस झाली, आणि या विषयावर मिळेल ते वाचत आलो.

कॅन्सरतज्ज्ञाकडे जाणारा माणूस मनाशी काहीतरी धरूनच जातो. दाताच्या खुर्चीत बसलेला मात्र दाढ दुखते म्हणून, तिखट झोंबते म्हणून, नाहीतर घास घेताना तोंड पुरते उघडत नाही म्हणून आलेला असतो. डोळ्यांवर दिवा, तोंडात आरसा, मान मागे. अशा अवस्थेत कानावर पडते, “हे मला बरं दिसत नाही, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा.” काय बरे नाही, किती दिवसांत दाखवायचे, काहीच नाही. माणूस घरी जातो, हळद लावतो, शेतीची कामे उरकतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम तपासलीच पाहिजे, हा साधा नियम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दरम्यान गाठ मानेत उतरू शकते.

वाईट बातमी सांगण्याची एक रीत २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी सहा पायऱ्यांत मांडली. तिला ‘स्पाइक्स’ म्हणतात. (बकमन हे कॅन्सरतज्ज्ञ, आणि ब्रिटिश टीव्हीवर विनोदी कार्यक्रमही करत. बोलण्याची वेळ साधणे त्यांना ठाऊक असणारच.) बसण्याची जागा नीट करा, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारा, त्याला किती ऐकायचे आहे ते विचारा, मग सांगा, भावनांना वाट द्या, पुढचे ठरवा.

दवाखान्यात याचा अर्थ अगदी साधा आहे. खुर्ची सरळ करा, दिवा बंद करा, मास्क उतरवा, समोर बसा. “काका, हे काय असावं असं तुम्हाला वाटतंय?” या प्रश्नावर निम्मे लोक स्वतःच तो शब्द उच्चारतील, असा माझा अंदाज आहे. तुकडा तपासण्याआधी मात्र डॉक्टरने ‘कॅन्सरच आहे’ म्हणू नये, आणि ‘काही नाही’ तर मुळीच म्हणू नये. “शंका आहे, म्हणून तपासायचं” हेच खरे. ‘सुरी लागली की पसरतो’ ही भीती मनात असतेच. ती रुग्णाने बोलून दाखवण्याआधीच डॉक्टरने काढावी.

तिसरी पायरी आपल्याकडे सर्वांत अवघड. मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, “बाबांना सांगू नका, खचतील.” त्याला झिडकारू नये, तो घाबरलेला असतो. पण विचारायचे बाबांनाच: “रिपोर्टचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?” काहीजण खरेच मुलाकडे बोट दाखवतात. तो त्यांचा अधिकार.

हे अनुभवाने आपोआप येते, असे अनेक डॉक्टर मानतात. ब्रिटनमधल्या ३४ केंद्रांतल्या १६० कॅन्सरतज्ज्ञांवरचा अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन दिवसांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर न घेतलेल्यांपेक्षा नेमके प्रश्न विचारू लागले, सहानुभूतीने बोलू लागले. नुसत्या वर्षांनी हे येत नाही, असेच अभ्यासकांचे म्हणणे होते. तज्ज्ञांची ही गत, तर ज्याच्यावर असे सांगायची वेळ वर्षातून एखाद-दोनदा येते त्या दंतवैद्याचे काय?

शिकवायला यंत्र लागत नाही. एकाने रुग्ण व्हायचे, एकाने डॉक्टर, तिसऱ्याने गप्प बसून पाहायचे, मग अदलाबदल. सर्वांत जड जाते ते ‘कॅन्सर’ म्हटल्यावर थांबणे. विद्यार्थी लगेच ऑपरेशन, रेडिएशन, योजनेचे कागद सांगत सुटतो. समोरच्याला त्यातले काही ऐकू येत नसते. म्हणून पुढचे मराठीत कागदावर लिहून द्यावे: कुठे जायचे, कोणत्या दिवशी, सोबत काय न्यायचे. आणि आठ दिवसांनी दवाखान्यातून फोन करावा, “गेला होतात का?”