न पिणाऱ्यांना लागणारी बारची स्पॅनिश

श्रीगोंद्यात ‘बार’ म्हटलं की परमिट रूमची पाटी आठवते, आणि ज्या घरात कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे तिथे तो शब्दही खटकतो. त्यामुळे अशा घरातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला स्पेनला निघालं, तर बारमधली स्पॅनिश पिणाऱ्यांनी शिकावी, आपल्याला तिचं काय काम, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. स्पेनमधल्या बारमध्ये सकाळी कॉफी-टोस्ट मिळतो, दुपारी जेवण मिळतं, संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसतात आणि रात्री सहकारी भेटतात तेही तिथेच. पिणाऱ्याचं काम ‘कान्या’ या एका शब्दावर भागतं. नळाची छोटी ग्लासभर बिअर समोर येते. शब्द जास्त लागतात ते न पिणाऱ्याला. त्याने आधी ‘सिन’, म्हणजे ‘विना’, हा शब्द शिकावा. मात्र नुसतं ‘सिन’ म्हणून मागवलेल्या बिअरमध्ये एक टक्क्याच्या आत अल्कोहोल असू शकतं. तेही नको असेल तर ‘थेरो थेरो’, म्हणजे शून्य-शून्य, असं सांगावं लागतं. न आंबवलेला द्राक्षरस हवा असेल तर ‘मोस्तो’ मागावा. नळाचं पाणी, ‘आग्वा देल ग्रिफो’, मागायला तर मुळीच संकोचू नये. 2022च्या कायद्यानुसार ते फुकट देणं हॉटेल-बारवर बंधनकारक आहे. शाकाहारी माणसाने ‘सिन कार्ने’वर विसंबू नये. ‘कार्ने’ म्हणजे मांस, पण त्यात डुकराचं ‘हामोन’ किंवा ‘आतून’ मासा धरला जाईलच असं नाही, आणि मिश्र सॅलडमध्ये ‘आतून’ बहुधा असतोच. दोन्हींची नावं घेऊन नाही म्हणावं.

स्पॅनिश सगळीकडे सारखीच, हा दुसरा समज. ‘तिन्तो’ मागितलं तर स्पेनमध्ये लाल वाइन येते, कोलंबियात काळी कॉफी. श्रीगोंद्याच्या कागदी लिंबासारखं हिरवं, पातळ सालीचं फळ मेक्सिकोत ‘लिमोन’ म्हणून मिळतं. स्पेनमध्ये त्याला ‘लिमा’ म्हणतात आणि ‘लिमोन’ म्हणजे मोठं पिवळं लिंबू. गोव्याकडची पोर्तुगीज कानावरून गेली असेल तर तीही जपूनच वापरावी. स्पॅनिशमध्ये ‘वासो’ म्हणजे पेला, पोर्तुगीजमध्ये कुंडी.

असे शब्द शिकवले तर मुलं प्यायला लागतील, ही भीती घरच्यांना वाटते आणि ती मायेपोटीच असते. पण परक्या गावी, मित्रांच्या आग्रहात, नकाराचे शब्द ज्याला येत नाहीत तोच आधी अडचणीत येतो. इंग्रजीवर भागेल, हेही माद्रिद-बार्सिलोनाच्या पर्यटकी भागापुरतंच खरं. लहान गावात काउंटरपलीकडच्या माणसाला ती येईलच असं नाही. बिल ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’ म्हणून मागावं. टीप सक्तीची नसते, बरेच जण सुटे तेवढे ठेवतात. पेला उंचावताना म्हटलं जाणारं ‘सालुद’ म्हणजे आरोग्य. हातात मोस्तो असला तरी ते म्हणावं.